बांधावरची झाडे आणि सातबाऱ्यावरचे नाव

ज्येष्ठ सरत आला, आभाळात ढगांची ये-जा सुरू झाली आणि घरोघर कपाशीच्या लागवडीची लगबग दिसू लागली, की जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही गावात सकाळच्या प्रहरी शेताच्या बांधावर एक दृश्य हमखास नजरेस पडते. लिंबाच्या झाडाखालची जागा खराट्याने स्वच्छ झाडून एखादी पोक्त बाई उकिडवी बसलेली असते आणि रात्रीच्या वाऱ्याने गळून पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या एकेक करून टोपलीत टाकीत असते. हिरव्या, कच्च्या निंबोळीला ती हात लावीत नाही. चिखलात रुतून काळी पडलेली, बुरशी धरलेली निंबोळी बाजूला सारते. घरी नेल्यावर त्या पाण्यात चोळून त्यांचा गर काढावयाचा, बिया सावलीत पसरून वाळवावयाच्या, आणि खडखडीत वाळल्या म्हणजे गोणीत भरून ओल न लागेल अशा कोपऱ्यात ठेवावयाच्या. उन्हात वाळवल्या तर त्यांचा गुण उतरतो, ही गोष्ट तिला सांगावी लागत नाही. पुढे श्रावण-भाद्रपदात कपाशीवर मावा-तुडतुड्यांची चाहूल लागली, की याच बियांची पाच किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजते, सकाळी फडक्यातून गाळली जाते, शंभर लिटरपर्यंत पाणी घालून तिचा पाच टक्के अर्क तयार होतो आणि पाठीवरच्या पंपातून पिकावर फवारला जातो. दुकानातून आणावयाच्या औषधाची एखादी बाटली त्यामुळे वाचते. ती वाचलेली बाटली कोणाच्याही हिशेबाच्या वहीत जमेस धरली जात नाही. आणि जी वस्तू जमेस धरली जात नाही, ती निर्माण करणारा हातही जमेस धरला जात नाही, हा या लेखाचा खरा विषय आहे.

शेतीत पिकांच्या जोडीने झाडे राखणे याला आज शास्त्रज्ञ कृषिवानिकी असे नाव देतात. भारत सरकारने 2014 साली या विषयाचे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि असे धोरण आखणारा आपला देश जगात पहिला ठरला. पण खानदेशच्या शेतकऱ्याला या नावाची कधी गरज भासली नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीचे शेवटचे टोक, आणि मधून पूर्व-पश्चिम वाहणारी तापी, असा हा प्रदेश. तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांचा हिरवा समुद्र दिसतो खरा; परंतु त्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकले, की बेभरवशाच्या पावसावर कपाशी, ज्वारी, बाजरी, उडीद, मूग यांची आशा लावून बसलेली कोरडवाहू जमीनच दूरवर पसरलेली आढळते. अशा जमिनीत पीक हे एका पावसाचे असते, झाड मात्र अनेक पावसांचे. पीक बुडाले तरी बाभळीच्या शेंगा शेळ्यांना मिळतात, चिंचेला आकडे लागतात, बोरीला बोरे येतात. दुष्काळाच्या वर्षी खानदेशातल्या कुटुंबाचा जो धीर टिकतो तो पुष्कळ अंशी या बांधावरच्या झाडांच्या आधारावर टिकतो.

या झाडांपैकी एकाचा उल्लेख विशेष करावासा वाटतो, तो अंजनाचा. धुळे-जळगावच्या माळांवर आणि टेकड्यांवर उथळ, मुरमाड भूमीतही तग धरणारा हा वृक्ष या प्रांताची खरी ओळख आहे. त्याचा पाला गुरांना चारा म्हणून उपयोगी पडतो आणि त्याचे लाकूड विलक्षण कठीण असते. परंतु त्याची सर्वांत चिंतनीय गोष्ट त्याच्या बाल्यात आहे. अंजनाचे रोप कित्येक वर्षे वर फारसे वाढत नाही; उन्हाळ्यात शेंडा सुकतो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो, पुन्हा सुकतो, आणि या सर्व काळात जमिनीखाली त्याचे सोटमूळ खोल खोल जात राहते. मूळ पुरेसे खोल गेल्यावर मगच खोड वाढीला लागते. असे झाड राखावयाचे तर राखणाऱ्याला दहा-पंधरा वर्षांनंतरही या जमिनीवर आपला पाय असेल, अशी निश्चिती हवी. ज्याला पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, तो मूग पेरील, अंजन राखणार नाही.

आता ही झाडे राखतो कोण? खड्डा घेणे, खोड तोडणे, फांदी छाटणे ही कामे बहुधा पुरुषांची. परंतु चैत्र-वैशाखात डोक्यावरच्या हंड्यातले पाणी वाचवून रोपाच्या मुळाशी ओतणे, त्याला काट्याचे कुंपण करणे, शेळी-गुरांपासून त्याचे रक्षण करणे आणि फळ धरल्यावर ते वेचणे, फोडणे, वाळवणे, साठवणे ही सारी कामे स्त्रियांकडे आहेत. चिंचेचेच उदाहरण घ्यावे. झाडावर चढून आकडे पाडणारा पुरुष असतो, पण पाडलेली चिंच ओसरीवर येऊन पडली म्हणजे घरातल्या सासू, सुना, लेकी भोवती बसतात. दगडावर एकेक आकडा ठेवून टरफल फोडावयाचे, शिरा ओढून काढावयाच्या, चिंचोका वेगळा करावयाचा, आणि मीठ लावून चिंचेचे गोळे मडक्यात दाबून ठेवावयाचे. बोटांना आंबटाची चरचर लागते, नखांच्या कडा सोलतात. अंगणात बिबडे आणि कुरडया वाळत असतात, चुलीवर पऱ्हाट्यांचा जाळ असतो, आणि याच बैठकीत चिंचही फुटत असते. या कामाला कोणी रोजंदारी देत नाही. ते घरकाम समजले जाते. वास्तविक सोललेल्या चिंचेला बाजारात अखंड आकड्यापेक्षा अधिक भाव मिळतो. म्हणजे त्या भावातला जो अधिक भाग असतो, तो या बायांच्या बोटांनी कमावलेला असतो.

सरपणाचेही तसेच आहे. कपाशी उपटून झाली की पऱ्हाट्यांचे भारे घराकडे येतात आणि त्यावर काही महिने चूल पेटते. त्या संपल्या की बाभळीच्या वाळक्या काटक्या, लिंबाच्या छाटलेल्या फांद्या, गोवऱ्या यांचा शोध सुरू होतो. बांधावर झाडे असतील तर ही पायपीट शिवारातच संपते; नसतील तर मैल-दीड मैल चालून नाल्याच्या काठी किंवा वनखात्याच्या हद्दीपाशी जावे लागते. म्हणून बांधावर बाभूळ असावी की नसावी, हा प्रश्न घरातल्या स्त्रीला आणि पुरुषाला एकाच प्रकारे दिसत नाही. पुरुषाला दिसते ती तिची सावली, जिच्याखाली कपाशीच्या दोन ओळी खुरटतात. स्त्रीला दिसते ती शेळीच्या तोंडची शेंग आणि चुलीतला जाळ. दोघांचेही म्हणणे खरे असते, परंतु निर्णय ज्याचे नाव दफ्तरात आहे त्याचा होतो.

आणि येथेच आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. जमिनीचा सातबारा हा आपल्याकडील शेतकऱ्याचा प्राण. त्यावर खातेदाराचे नाव असते. पीककर्ज त्या नावावर मिळते, फळबागेचे अनुदान त्या नावावर मिळते, गारपिटीची वा अवर्षणाची भरपाई त्या नावावर मिळते. महाराष्ट्रात 1990 साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली आणि पुढे 2018 साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने फळबाग लागवडीची योजना निघाली. या योजनांतून कोरडवाहू मुलखात बोर, सीताफळ, आंबा, चिंच यांच्या बागा उभ्या राहिल्या आणि ते कार्य खरोखर स्तुत्य आहे. परंतु अर्जासोबत सातबारा जोडावा लागतो, आणि सातबाऱ्यावर पतीचे वा सासऱ्याचेच नाव असेल तर खड्ड्यात रोप लावणारी, त्याला पाणी घालणारी स्त्री त्या कागदावर कोठेच उमटत नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा 1964 पासून आहे. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, अंजन यांसारखी झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. ती परवानगी मागणारा अर्जही खातेदाराचाच. लेकीच्या लग्नासाठी म्हणून बांधावरचा जुना आंबा लाकडाच्या व्यापाऱ्याला विकला जातो तेव्हा कागदावर सही होते ती एकाची. आणि ज्या बाईने त्या झाडाच्या कैऱ्यांचे लोणचे तीस वर्षे घातले, तिला झाड गेल्याचे करवतीच्या आवाजावरून कळते.

सन 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 14 टक्के होते. शेतातील श्रमांत स्त्रीचा वाटा किती मोठा आहे हे निंदणीच्या वा कापूसवेचणीच्या दिवसांत खानदेशच्या कोणत्याही रस्त्याने जाणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. तेव्हा या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. कायदा तिच्या बाजूचा नाही असे मात्र नाही. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. परंतु वारसनोंदीची वेळ आली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून ती त्यावर सही वा अंगठा करते. सासरी तिचे नाव लागते ते बहुधा पतीच्या निधनानंतर, फेरफारात वारस म्हणून. म्हणजे जमिनीच्या दफ्तरात तिचा प्रवेश वैधव्याच्या दारातून होतो. याहून क्लेशकारक गोष्ट मला आपल्या ग्रामव्यवस्थेत क्वचितच दिसते.

खानदेशच्या स्त्रीचे ज्ञान कागदावर न येण्याची परंपरा जुनी आहे. जळगावजवळच्या असोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी लिहावयास शिकलेल्या नव्हत्या. शेतात राबता राबता, जात्यावर दळता दळता त्यांनी जी गाणी रचली त्यांत शेत, लिंब, पाखरे, पेरणी, कापणी यांचे इतके सूक्ष्म आणि अचूक निरीक्षण आहे, की ते एखाद्या कृषिपंडितालाही हेवा वाटावा असे आहे. ती गाणी घरच्यांनी कागदावर उतरवून घेतली आणि 1951 साली बहिणाबाईंच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली, म्हणून ती महाराष्ट्राला मिळाली. घरात कवी असलेला मुलगा होता म्हणून एका बाईचे ज्ञान वाचले. असोद्याच्या आसपासच्या शेकडो घरांतल्या बाया तितकेच जाणत होत्या, पण त्यांचे ऐकून लिहून घेणारे कोणी नव्हते.

परंतु जमिनीचे हे दफ्तर बदलण्याचा एक मोठा प्रयत्न याच भूमीत झाला आहे, आणि त्याचे स्मरण आज फारच थोड्यांना आहे याची खंत वाटते. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले. लक्षावधी स्त्रिया तेथे जमल्या. शेतकऱ्याला त्याच्या मालाचा रास्त भाव मिळाला पाहिजे असे सांगणारे संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी त्यानंतर शेतकऱ्यालाच एक प्रश्न केला: तुझ्या घरातल्या लक्ष्मीच्या श्रमाचा भाव तू कधी दिलास? त्यातून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम जन्मास आला. पतीने आपण होऊन जमिनीचा एक हिस्सा पत्नीच्या नावे करावा. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातील विटनेर या गावाने या कामी पुढाकार घेतला. तेथील 127 कुटुंबांनी जमिनीचा हिस्सा घरातल्या स्त्रियांच्या नावे केला, आणि 1990 साली 'मानुषी' या नियतकालिकात चेतना गाला यांनी या गावाची हकीकत लिहिली.

नाव लागल्यावर त्या जमिनीत करावयाचे काय, याचाही विचार या कार्यक्रमात होता, आणि तो विचार मला आजही मोलाचा वाटतो. स्त्रीने आपल्या तुकड्यावर बाजारातील खते-औषधे न आणता, घरचे बी, शेणखत आणि पालापाचोळा यांच्या बळावर, कुटुंबाच्या पोटाला लागेल असे नानाविध पीक घ्यावे, ही सीता शेती. सीता म्हणजे नांगराचा तास. त्या तासातून जी जन्मली तिचे नाव या शेतीला देण्यात मोठे औचित्य होते. पिकलेला माल तसाच न विकता घरच्या घरी त्यावर प्रक्रिया करावी, ही माजघर शेती. व्यापार शेती आणि निर्यात शेती यांसह या चौघींची मिळून चतुरंग शेती झाली. लिंबाची निंबोळी, ओसरीवरची चिंच, अंगणातले बिबडे यांना अर्थशास्त्रात जागा देणारा असा विचार त्यापूर्वी आपल्याकडे कोणी इतक्या स्पष्टपणे मांडला नव्हता. विटनेरचा प्रयोग सर्वत्र पसरला नाही, हे खरे. एका अंगाने तो पतीच्या औदार्यावर उभा होता, आणि औदार्यावर उभा राहिलेला हक्क नेहमीच नाजूक असतो. तरीही ज्या 127 घरांनी ते औदार्य दाखविले, त्यांच्या नावाने एखादा फलक त्या गावच्या चावडीवर असावा अशी माझी इच्छा आहे.

सपाटीवरून सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-रावेरच्या उत्तर टोकाला वा शिरपूरच्या डोंगरात गेले म्हणजे चित्र बदलते. पावरा, भिल्ल, तडवी यांच्या वस्त्यांत झाड आणि शेत यांच्यामध्ये बांध घातलेला नसतो. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटे टपटपू लागली की बाया-पोरे टोपल्या घेऊन निघतात; कोणते झाड कोणत्या घराने वेचावयाचे याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. त्यापाठोपाठ चारोळी, टेंभुर्णीची पाने, डिंक, आणि पुढे मोहाच्या बिया. पावसाळ्यात घरातले धान्य सरू लागते तेव्हा वाळवून ठेवलेली मोहफुलेच आधाराला येतात. या वस्त्यांच्या वनजमिनींवरील हक्कांना वनहक्क कायद्याने, म्हणजे 2006 सालच्या अधिनियमाने, मान्यता दिली आणि त्यात एक तरतूद अशी केली, जिची वाखाणणी करावी तितकी थोडी: दावेदार विवाहित असेल तर हक्कपत्र पती आणि पत्नी या दोघांच्या संयुक्त नावे द्यावयाचे. म्हणजे डोंगरातल्या कुडाच्या झोपडीत राहणाऱ्या पावरा स्त्रीला कायद्याने जे आपोआप दिले, ते तापीकाठच्या बागाईतदाराच्या पत्नीला आजही मागून घ्यावे लागते. हा विपर्यास जितका विचित्र तितकाच बोधप्रद आहे.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा हे गाव आता सर्वत्र परिचित झाले आहे. 1990 नंतरच्या काळात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या कोकणा आदिवासींच्या वस्तीने उजाड झालेले सुमारे 445 हेक्टर जंगल कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि गावाने ठरविलेला दंड यांच्या बळावर पुन्हा उभे केले. पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. जंगल परतले तसे विहिरींना पाणी परतले, भाताची शेती परतली, आणि कामासाठी गाव सोडून जाणे कमी झाले. परंतु माझे लक्ष या कथेतील एका निराळ्याच गोष्टीकडे लागते. 2004 पासून बारीपाड्यात दर पावसाळ्यात रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. स्त्रिया रानातून भाज्या आणतात, शिजवतात, मांडतात आणि आलेल्या पाहुण्यांना व परीक्षकांना प्रत्येक भाजीचे नाव, ती कोठे उगवते, कधी खुडावयाची, कशी शिजवावयाची हे सांगतात. करटोली आणि कुर्डू हे सोपे धडे झाले. शेवळ्यासारखी भाजी मात्र अंगी ज्ञान असल्याशिवाय खाता येत नाही, कारण ती घशाला खाजते आणि तिची खाज मोडावयास आंबटाची जोड द्यावी लागते. किती आंबट, केव्हा घालावयाचे, हे आईकडून लेकीला जाते. जंगल राखण्याची सभा पुरुषांनी भरविली असेल, पण राखलेल्या जंगलात नेमके काय आहे हे गावाला सांगण्याचा अधिकार या स्पर्धेने स्त्रियांकडे दिला. परीक्षकांसमोर उभी राहून शंभर माणसांत बोलणारी ती बाई आणि बांधावर एकटी निंबोळी वेचणारी ती बाई यांच्या ज्ञानात फरक नाही. एकीला ऐकणारे मिळाले, दुसरीला मिळाले नाहीत.

वृक्षारोपणाचे सोहळे आपल्याकडे उदंड होतात. सामाजिक वनीकरण विभाग महाराष्ट्रात 1982 पासून काम करीत आहे. रोपवाटिकांत माती, रेती, शेणखत यांचे मिश्रण पिशव्यांत भरण्याचे, बी टोचण्याचे, झारीने पाणी घालण्याचे काम बहुतांशी बायाच करतात. लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर होतात. जगलेल्या रोपांचे क्वचितच. केनियात वांगारी मथाई यांनी 1977 साली हरितपट्टा चळवळ सुरू केली तेव्हा खेड्यातील स्त्रियांना त्यांनी जगलेल्या रोपामागे लहानसा मोबदला देण्याची प्रथा घातली. 2004 साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. रोप जगविणे हे लावण्याहून मोठे काम आहे, आणि त्या कामाचे मोल ते काम करणाऱ्याच्याच हाती गेले पाहिजे, हा त्यातला साधा न्याय. आपल्या रोजगार हमीच्या हजेरीपटावर रोप जगविण्याचे दिवस जगविणाऱ्या स्त्रीच्या नावे स्वतंत्रपणे लागावेत, अशी मागणी ग्रामसभांनी करावयास हरकत नसावी.

राहिला सातबारा. 15 सप्टेंबर 1992 रोजी महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाने लक्ष्मीमुक्तीचेच नाव घेऊन एक परिपत्रक काढले. त्यानुसार पतीने स्वेच्छेने अर्ज केल्यास, त्याच्या हयातीतच, पत्नीचे नाव त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून दाखल करता येते. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवर करतो, आणि त्यात बांधावरची झाडे नोंदविण्याचीही सोय आहे. खानदेशातील माझ्या शेतकरी बंधूंना इतकीच विनंती, की या हंगामात बांधावरचा लिंब, आंबा, चिंच यांची नोंद कराल तेव्हा त्या खात्यावर नावे किती आहेत ते पाहा. आणि एकच असेल तर 1992 च्या त्या परिपत्रकाखालचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे जा.